‘वय झालंय’ हे उत्तर यापुढे चालणार नाही

पुण्यात आणि पुण्याला लागून असलेल्या गावांत बंगले, रो-हाउस, इमारतींचे मजले घेऊन खासगी वृद्धाश्रम, ‘केअर सेंटर’ आणि ‘असिस्टेड लिव्हिंग’ चालवणाऱ्या सर्व चालकांना हा जाहीर इशारा आहे. ज्यांची माणसं तुमच्याकडे आहेत किंवा होती, अशा कुटुंबांच्या वतीने मी तो लिहिते आहे. जे चालक नीट काम करतात त्यांनी राग मानू नये. आम्ही जे मागतो आहोत ते त्यांच्याकडे आजही असतं. बाकीच्यांना आजपासून 30 दिवस आहेत.

माझी आई अशा एका केंद्रात अकरा महिने होती. खुब्याचं हाड मोडल्यावर तिचं चालणं थांबलं, मग हळूहळू स्वतःहून कूस बदलणंही थांबलं. दाखल करताना आम्हाला सांगितलं होतं की दर दोन तासांनी तिला वळवलं जाईल, रोज आंघोळ किंवा स्पंजिंग होईल. महिन्याच्या बिलात ‘नर्सिंग’चे पैसे वेगळे लावलेले असायचे आणि आम्ही ते वेळेवर भरत होतो. मी दर रविवारी जायचे. आई पाठीवर झोपलेली, केस विंचरलेले, चादर गळ्यापर्यंत ओढलेली. मला ते बघून बरं वाटायचं, हे आज लिहिताना हात जड होतो.

एका गुरुवारी मी न सांगता गेले. खोलीच्या दारातच वास आला. चादर बाजूला केली, देखभालीच्या मावशींच्या मदतीने आईला कुशीवर घेतलं, तर माकडहाडावर तळहाताएवढी जखम. कडा काळ्या पडलेल्या, मधला भाग पिवळा, ओला. डायपर इतका जड झाला होता की तो सकाळपासून बदललेला नाही, हे कुणी सांगायची गरज नव्हती. आई ओरडली नाही. तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि सोडेच ना. मॅनेजर आले, लांबूनच बघितलं आणि म्हणाले, “ताई, वय झालंय. या वयात कातडी टिकत नाही.”

खाटेच्या पायथ्याशी कूस बदलल्याचा तक्ता लटकवलेला होता. दुपारचे साडेचार वाजले होते. तक्त्यावर रात्री दहापर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या. एकच पेन, एकच वळण, एका दमात केलेल्या. त्याचा फोटो मी जपून ठेवला आहे.

शय्याव्रण वयामुळे होत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी तासन् तास दाबून राहिली की तिथलं रक्त थांबतं आणि मांस मरायला लागतं. लघवीचा ओलावा ते काम लवकर उरकतो. सुरुवातीला फक्त लाल डाग असतो. बोटाने दाबला तर तो पांढरा पडत नाही, हीच त्याची खूण. त्या वेळी दाब काढला, जागा कोरडी ठेवली, पोटात नीट अन्न गेलं, तर तो बहुतेक वेळा भरून येतो. लाल डागापासून उघड्या जखमेपर्यंत जायला सहसा काही दिवस जातात. त्या प्रत्येक दिवशी कुणीतरी माझ्या आईचा डायपर बदलला असेल तर त्याने तो डाग बघितला आणि सांगितला नाही. बदललाच नसेल, तर आणखी बोलायला नको.

हे एका आईचं आहे असं कुणी समजू नये. आम्ही कुटुंबं एकत्र बसलो तेव्हा प्रत्येकाकडे काहीतरी होतं. कुणाच्या वडिलांना बिनहाताच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून, बाथरूमचं दार सताड उघडं ठेवून आंघोळ घालत होते आणि समोरच्या पॅसेजमधून माणसांची ये-जा चालू होती. जन्मभर शाळेत मुख्याध्यापक राहिलेला माणूस. कुणाच्या सासूबाईंच्या मांडीवर गरम पाण्याचा तांब्या ओतला गेला. 60 अंश सेल्सिअसचं पाणी धडधाकट माणसाची कातडीसुद्धा पाच-सहा सेकंदांत भाजून काढतं. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते आणि त्याला वेळेत पाय मागे घेता येत नाही, सांगताही येत नाही. कोपर बुडवून पाणी बघायला दोन क्षण लागतात, पण ते दोन क्षणही कुणी दिले नाहीत. एका आजोबांना आडवं ठेवूनच चहात बुडवलेलं बिस्किट भरवलं जात होतं. गिळायला त्रास असलेल्या माणसाला असं भरवलं की अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. मग दवाखान्याच्या कागदावर फक्त न्यूमोनिया लिहिला जातो, बिस्किटाचा उल्लेख कुठेच नसतो.

मावशींवर आमचा राग नाही, हे स्पष्ट लिहिते. आईच्या मजल्यावर रात्री एकच मावशी होत्या आणि खाटा चौदा. त्या ब्यूरोकडून आलेल्या, चोवीस तासांच्या ड्यूटीवर, लातूरकडच्या. पेशंटला कसं वळवायचं, काखेत हात घालून ओढलं तर खांदा कसा निखळतो, हे त्यांना कुणीही शिकवलेलं नव्हतं. एका बाईने चौदा जणांना दर दोन तासांनी वळवायचं, स्वच्छ करायचं, पाणी द्यायचं हे माणसाकडून होणारं काम नाही आणि चालकांना ते पूर्ण ठाऊक आहे. माणसं कमी ठेवून वाचवलेला पगार चालकाच्या खिशात जातो. त्याची किंमत माझ्या आईच्या पाठीने मोजली.

काही ठिकाणी स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांचे हात ओढणीने खाटेला बांधतात, ‘पडतील म्हणून’. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 वाचा. बेड्या किंवा साखळी त्याने कुठल्याही रूपात बंद केली आहे. मानसिक आजाराच्या आस्थापनांतसुद्धा तातडीचा धोका टाळायला दुसरा कुठलाच उपाय नसेल तेव्हाच आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनेच माणसाला बांधता येतं. कर्मचारी कमी आहेत एवढ्या कारणावरून बांधता येणार नाही, असं कायद्यात स्वच्छ लिहिलं आहे. जे तिथे चालत नाही, ते तुमच्या भाड्याच्या बंगल्यात कसं चालेल?

सरकारलाही सांगायचं आहे. ज्येष्ठांच्या चरितार्थ आणि कल्याणाच्या 2007 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारण्याचं कलम आहे. पैसे भरून राहणाऱ्यांना रोज कोणाचे हात लागतात, यावर तो कायदा गप्प आहे. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. त्यात अशा केंद्रांची नोंदणी आणि सेवेचे किमान निकष होते. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवालही आला, पण विधेयकाचा कायदा झाला नाही. मे 2024 मध्ये महारेराने ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी निकष काढले. दारं किमान 900 मिलिमीटर रुंद हवीत, बाथरूममध्ये पकडायला दांड्या हव्यात. चांगलं झालं, हवंच होतं. पण दांडी धरण्याची ताकद गेलेल्या माणसाला कोण, कसं उचलणार, हे बांधकामाच्या नियमात मावत नाही. राज्य सरकारने केंद्राच्या विधेयकाची वाट न बघता नोंदणी आणि न सांगता तपासणी सुरू करावी.

तोवर चालकांनी कायदा नाही म्हणून निर्धास्त राहू नये. भारतीय न्याय संहितेचं कलम 357 वाचून घ्या. आजारामुळे किंवा अशक्तपणामुळे असहाय झालेल्या माणसाची देखभाल करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न करणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा फार मोठी नाही, पण न्यायालयात उभं राहावं लागेल. ‘इजा झाल्यास संस्था जबाबदार नाही’ असं जे तुम्ही दाखल करतानाच्या फॉर्मवर आमच्याकडून सही करून घेता, त्या अन्याय्य अटीला ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार राज्य आयोगात आव्हान देता येतं. सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा आयोग आहे. भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तिथे शुल्कही लागत नाही. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, म्हणून आम्ही थांबणार नाही.

आता आपल्यातल्यांना. न्यू जर्सीहून, बंगळुरूहून पैसे पाठवून रविवारी व्हिडिओ कॉलवर चेहरा बघणाऱ्या मुलामुलींनो, चेहरा बघून काही कळत नाही. टाचा बघा, माकडहाड बघा, काखा आणि मांड्यांचे सांधे बघा. स्वतः येता येत नसेल तर भाऊ, मावसबहीण, शेजारच्या काकू, कुणालाही पाठवा, पण कामाच्या दिवशी आणि न कळवता. मी रविवारी जायचे, ही माझी चूक होती. ती दुसऱ्या कुणी करू नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. कुणाला काही दिसलं आणि कुठे सांगावं कळत नसेल, तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

चालकांनो, 30 दिवसांच्या आत दिवसाच्या आणि रात्रीच्या पाळीला कोण किती जणांना सांभाळतं ते दर्शनी भागात लावा. कूस, डायपर, आंघोळ, खाणं आणि पडणं यांच्या नोंदी नातेवाईकांना मागितल्याक्षणी दाखवा आणि ज्या तक्त्यावर पुढच्या वेळेच्या सह्या असतील त्याची जबाबदारी भरणाऱ्याची नव्हे, भरायला लावणाऱ्याची माना. मावशींना शिकलेल्या नर्सकडून उचलण्याचं, भरवण्याचं आणि स्वच्छतेचं प्रशिक्षण द्या. चोवीस तासांची ड्यूटी बंद करा. बाथरूमचं दार लावून घ्या. कुणाच्याही अंगावर लाल डाग दिसला तर त्याच दिवशी घरच्यांना फोन करा. भेटीच्या वेळा ठरवून आम्हाला आत येण्यापासून अडवू नका. यातलं एकही अशक्य नाही, यातलं बरंचसं तुम्ही तुमच्या जाहिरातीत आधीच लिहिलेलं आहे.

मुदतीत हे झालं नाही, तर फोटो, बिलं आणि तक्त्यांसह पोलिसात लेखी तक्रारी जातील आणि ग्राहक आयोगात प्रत्येक कुटुंबाचा स्वतंत्र दावा पडेल. तडजोडीसाठी डिपॉझिट परत करण्याचे निरोप आम्हाला पाठवू नका.

एकतिसाव्या दिवशी सकाळी, आंघोळीच्या वेळेला, आम्ही तुमच्या दारात असू. आधी फोन करणार नाही.