सिलिंडरला हात लावण्याआधी थांबा!

हा इशारा इक्वेडोरचे राष्ट्राध्यक्ष दानिएल नोबोआ यांना, त्यांच्या अर्थखात्याला आणि कीटोच्या कारोंदेलेत राजवाड्यातून इंधनाचे दर ठरवणाऱ्या प्रत्येकाला आहे. डिझेलवरचे अनुदान तुम्ही एका फटक्यात काढलेत. त्याविरुद्धचा महिनाभराचा संप मोडलात. आता रस्ते मोकळे झाले म्हणजे लोकांनी दरवाढ मुकाट्याने स्वीकारली, असे तुम्ही धरून चालला असाल, तर तुमची घोर फसगत होणार आहे. पुढचा घाव घरगुती गॅसच्या सिलिंडरवर घालण्याचा विचार मनात असेल, तर तो आजच सोडा.

आधी काय घडले ते नीट मांडू. 12 सप्टेंबर 2025 रोजी अध्यादेश क्रमांक 126 निघाला आणि 13 तारखेपासून डिझेलचा दर गॅलनला 1.80 डॉलरवरून 2.80 डॉलर झाला. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. एका रात्रीत 55 टक्क्यांहून जास्त वाढ! त्याआधी जून 2024 मध्ये साध्या पेट्रोलचा दर 2.46 वरून 2.72 डॉलर झाला होता, आणि एप्रिल 2024 मध्ये मूल्यवर्धित कर 12 टक्क्यांवरून 15 टक्के झाला होता. त्याच वर्षी वीजटंचाईमुळे दिवसाला चौदा-चौदा तास अंधार सोसलेला हा देश. 2025 साली तिथले किमान मासिक वेतन होते 470 डॉलर. इक्वेडोरचे स्वतःचे चलन नाही. 2000 सालापासून व्यवहार अमेरिकी डॉलरमध्येच चालतो. म्हणून गॅलनमागे वाढलेला एक डॉलर हा कामगाराच्या पगारातला खराखुरा एक डॉलर असतो.

सरकारचे म्हणणे असे, की या निर्णयाने वर्षाला सुमारे 110 कोटी डॉलर वाचतील आणि स्वस्त डिझेलची तस्करी थांबेल. ही वाचणारी रक्कम कोणाच्या खिशातून येते, ते चिंबोरासो पर्वताच्या उतारावर जाऊन पाहा. तिथला किचवा या मूळनिवासी समाजाचा शेतकरी समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून उंचावर बटाटा काढतो. पोती छोट्या ट्रकमध्ये चढतात आणि उजाडायच्या आत अंबातोच्या घाऊक बाजाराकडे, नाहीतर थेट खाली किनाऱ्यावरच्या ग्वायाकिलकडे निघतात. समजा, त्या फेरीला वीस गॅलन डिझेल लागले. पूर्वी 36 डॉलर लागत, दरवाढीनंतर 56 लागले. बाजारात बटाट्याचा भाव व्यापारी ठरवतो. तो काही डिझेलच्या पावतीकडे बघून भाव देत नाही. वरचे वीस डॉलर ट्रकवाला शेतकऱ्याकडून कापतो. आणि तोच शेतकरी परतताना तेल, साखर, खत घेऊन येतो, तेव्हा त्या मालावरचे वाढीव भाडेही त्याच्याच माथी बसते. जाताना मार, येताना मार. वाहतूकदारांना तुम्ही भरपाईचे हप्ते दिलेत, काही शेतकऱ्यांना यंत्रेही वाटलीत. ज्याच्याकडे ना ट्रक ना ट्रॅक्टर, फक्त एक एकर बटाटा आहे, त्याच्या पदरात काय पडले?

म्हणून 22 सप्टेंबरपासून संप पेटला. मूळनिवासी समाजांची राष्ट्रीय संघटना कोनाये आणि तिचे अध्यक्ष मार्लोन वार्गास यांनी हाक दिली. सर्वांत मोठा भडका उडाला तो उत्तरेच्या इंबाबुरा प्रांतात, ओतावालो आणि कोताकाची परिसरात. तुमचे उत्तर काय होते? प्रांतामागून प्रांतात आणीबाणी. मूळनिवासी पुढाऱ्यांची बँक खाती गोठवणे. ओतावालोत पकडलेल्यांवर दहशतवादाचा गुन्हा. 28 सप्टेंबरला कोताकाचीत गोळी लागून एक माणूस रस्त्यावर कोसळला. त्याला सावरायला दुसरा एक जण त्याच्याजवळ थांबला. लष्करी गाडीतून उतरलेल्या सैनिकांनी त्या दोघांना लाथा घातल्या. हे चित्रण साऱ्या जगाने पाहिले. संपाच्या काळात किमान तीन जणांचे जीव गेले. सैनिकही जखमी झाले, तेही त्याच देशाची पोरे आहेत. 22 ऑक्टोबरला संप मागे घेतला गेला. अध्यादेश कायम राहिला.

या घटनेला तुम्ही विजय म्हणत असाल, तर त्यानंतर पंचवीस दिवसांनी काय झाले ते आठवा. 16 नोव्हेंबरला तुम्हीच बोलावलेल्या सार्वमतात तुम्ही चार प्रश्न विचारलेत आणि लोकांनी चारही प्रश्नांना ‘नाही’ म्हटले. परदेशी लष्करी तळ आणि नवी घटना या दोन्हींना सुमारे साठ टक्के मतदारांचा नकार मिळाला. त्या मतपत्रिकेवर डिझेलचा उल्लेखही नव्हता. पण एप्रिलमध्ये ज्यांनी तुम्हाला खुर्चीवर बसवले, त्यांनीच नोव्हेंबरमध्ये तुमचे म्हणणे धुडकावले. मधल्या काळातली सर्वांत मोठी घटना कोणती होती, हे सांगायला पंडिताची गरज नाही.

इतिहासाची उजळणी करून घ्या, कारण तो फार जुना नाही. गॅस, वीज आणि फोनचे दर वाढवणारे राष्ट्राध्यक्ष अब्दाला बुकाराम सत्तेवर आल्यापासून सहा महिन्यांत, फेब्रुवारी 1997 मध्ये पायउतार झाले. मार्च 1999 मध्ये हामिल मावाद यांनी इंधन महाग केले. टॅक्सीवाल्यांनी शहरे अडवली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. पुढच्या जानेवारीत त्यांची खुर्चीही गेली. 1 ऑक्टोबर 2019 रोजी लेनिन मोरेनो यांनी अध्यादेश 883 काढला, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी 4.2 अब्ज डॉलरचा करार झाल्यानंतर काही महिन्यांनी. डिझेल एका रात्रीत दुपटीहून महाग झाले. आठवडाभरात सरकारला कीटो सोडून ग्वायाकिलला मुक्काम हलवावा लागला. 12 ऑक्टोबरला राजधानीत संचारबंदी लागली आणि त्याच रात्री कीटोच्या घराघरांतून, गच्च्यांवरून, खिडक्यांतून बायाबापड्यांनी पातेली बडवली. दुसऱ्या दिवशी संयुक्त राष्ट्रसंघ आणि कॅथलिक धर्मगुरूंच्या मध्यस्थीने, दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांसमोर चर्चा झाली आणि अध्यादेश रद्द झाला. जी चर्चा 1 ऑक्टोबरच्या आधी फुकटात झाली असती, ती दहाच्या आसपास जीव आणि शेकडो जखमींची किंमत मोजून 13 तारखेला करावी लागली. जून 2022 मध्ये गिलेर्मो लासो यांच्या काळात कोनायेचे तेव्हाचे अध्यक्ष लेओनिदास इसा यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा अठरा दिवसांचा संप झाला. तो गॅलनमागे 15 सेंटांची कपात पदरात पाडूनच थांबला.

तीस वर्षांत इतक्या सरकारांनी एकच वाट धरली आणि प्रत्येक जण ठेचकाळला. आता तरी शहाणे व्हा.

आम्ही आंधळेपणाने अनुदानाची वकिली करत नाही. 1970 च्या दशकात अमेझॉनच्या जंगलातले तेल अँडीज ओलांडून एस्मेराल्दास बंदरात येऊ लागले, तेव्हापासून स्वस्त इंधन हा या देशातल्या सामान्य माणसाचा तेलातला वाटा ठरला. त्या व्यवस्थेत भ्रष्टाचार शिरला, हे खरे आहे. स्वस्त डिझेल कोलंबिया आणि पेरूच्या हद्दीपलीकडे विकले गेले. बेकायदा सोन्याच्या खाणीतली यंत्रे त्यावर चालली. कोकेन तयार करणाऱ्यांनी पेट्रोल वापरले. चार गाड्या दारात असलेल्या श्रीमंताने गरिबापेक्षा कितीतरी जास्त अनुदान लाटले. हे थांबलेच पाहिजे. पण तस्कराला पकडणे हे सरकारचे काम आहे. ते जमत नाही म्हणून बटाटेवाल्याला दंड करणे हा न्याय नव्हे.

आणखी एका गोष्टीचा जाब सरकारने द्यायला हवा. कच्चे तेल विकणारा हा देश पेट्रोल-डिझेल मात्र मोठ्या प्रमाणात बाहेरून विकत घेतो. एस्मेराल्दासची सर्वांत मोठी रिफायनरी 1977 पासूनची. मे 2025 मध्ये तिथे भीषण आग लागली. आपल्याच जमिनीतले तेल बाहेर जाते आणि महाग होऊन परत येते. या अव्यवस्थेचा भुर्दंड पंपावर उभ्या असलेल्या ड्रायव्हरने का भरायचा?

आता मूळ मुद्द्यावर येतो. इक्वेडोरमध्ये 15 किलोच्या घरगुती सिलिंडरचा अधिकृत दर 1.60 डॉलर आहे. या शतकाच्या सुरुवातीपासून तो तसाच राहिला; घरपोच आणला की तीन डॉलरच्या आसपास पडतो. हिशेबनिसाच्या नजरेला हा आकडा खुपणार, हे उघड आहे. कर्ज देणाऱ्यांच्या नजरेलाही खुपेल. पण हा आकडा ज्या घरात जातो ते घर आधी बघा. 2014 साली राफाएल कोरेआ यांच्या सरकारने गॅसऐवजी विजेवरच्या इंडक्शन शेगड्यांची मोठी मोहीम काढली. लोकांना स्वस्त विजेचे वचन दिले. दहा वर्षांनी, 2024 मध्ये, त्याच विजेने लोकांना चौदा तास अंधारात ठेवले. त्या दिवसांत रात्रीचा भात कशावर शिजला? या 1.60 डॉलरच्या सिलिंडरवर. डिझेल महागले तर बाई बाजारात कुरकुर करते आणि दोन बटाटे कमी घेते. चूल बंद पडली तर तीच बाई पातेले घेऊन रस्त्यावर उतरते. ही रेषा सरकारने ओलांडू नये.

म्हणून आम्ही पाच अटी स्पष्ट शब्दांत मांडत आहोत. त्या पूर्ण होईपर्यंत कोणत्याही इंधनाच्या दरात एका सेंटचीही वाढ करू नये.

पहिली. घरगुती गॅसच्या दराला या कारकिर्दीत हात लावणार नाही, अशी लेखी हमी राष्ट्रीय विधानसभेत द्या. भाषणातले आश्वासन चालणार नाही.

दुसरी. डिझेलच्या अनुदानातून वाचलेल्या प्रत्येक डॉलरचा हिशेब दर महिन्याला जाहीर करा: किती वाचले, कुठल्या प्रांतात, कशावर खर्च झाले. लोकांच्या तोंडचा घास काढून वाचवलेला पैसा तिजोरीत गडप होता कामा नये.

तिसरी. अन्नधान्य वाहणाऱ्या छोट्या गाड्या, सार्वजनिक बस, छोटे शेतकरी आणि होडीवरचे मच्छीमार यांच्यासाठी डिझेलचा वेगळा दर ठेवा. तस्करी कशी रोखायची ते सरकारी तेल कंपनी पेट्रोइक्वेडोर आणि सीमेवरच्या यंत्रणांनी ठरवावे. त्यासाठीच त्यांना पगार मिळतो.

चौथी. कोताकाचीसह संपकाळातल्या प्रत्येक मृत्यूची सरकारपासून स्वतंत्र चौकशी करा, दोषींना कोर्टात उभे करा आणि केवळ रस्त्यावर बसल्याबद्दल दहशतवादाचे खटले भरले असतील ते मागे घ्या.

पाचवी. इंधनाविषयीचा पुढचा कोणताही निर्णय घेण्याआधी कोनाये, वाहतूकदार, शेतकरी आणि शहरी कामगार यांच्या प्रतिनिधींसोबत एका टेबलाशी बसा आणि ती चर्चा 2019 सारखी सर्वांसमोर दाखवा. फरक इतकाच ठेवा, की या वेळी ती माणसे मरण्याच्या आधी झाली पाहिजे.

या अटी मान्य न करता सिलिंडरचा अध्यादेश काढलात, तर काय होईल? इंबाबुरा ते लोहा महामार्ग बंद होतील. कीटो आणि ग्वायाकिलच्या बाजारात भाजी पोहोचणार नाही. या खेपेला फक्त डोंगरातले किचवा रस्त्यावर नसतील. आतापर्यंत दारे लावून बसलेला शहरी मध्यमवर्गही असेल, कारण गॅस प्रत्येकाच्या घरात आहे. 2025 मध्ये तुम्ही राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय लाताकुंगाला हलवलेत. पुढच्या वेळी कार्यालय कुठे हलवणार? प्रत्येक स्वयंपाकघराच्या दारात सैनिक उभा करण्याइतके सैन्य कोणत्याही देशाकडे नसते.

कोनाये आणि रस्त्यावर उतरणाऱ्यांनाही तितक्याच कठोरपणे सांगणे भाग आहे. रुग्णवाहिका अडवू नका. बाजाराची लूट करू नका. 2025 च्या संपात राष्ट्राध्यक्षांच्या ताफ्यावर दगडफेक झाली. असा प्रत्येक दगड सरकारच्या हाती आणीबाणीचे निमित्त देतो. तुमची बाजू न्यायाची आहे, ती तुमच्याच हाताने मलिन करू नका.

हा मजकूर कीटोपासून अर्ध्या पृथ्वीपलीकडे, मराठीत लिहिला जातो आहे, म्हणून त्याचे वजन कमी होत नाही. गरिबाच्या चुलीवरचे अनुदान एका सहीनिशी काढण्याचा मोह कोणत्याही राजधानीत होऊ शकतो, आणि त्याची किंमत सगळीकडे सारखीच माणसे मोजतात.

राष्ट्राध्यक्ष महोदय, लोकांनी तुम्हाला रस्त्यावरून सांगितले, मतपेटीतून सांगितले. तिसऱ्यांदा सांगण्याची वेळ त्यांच्यावर आणू नका. आधी चर्चा करा, हिशेब दाखवा आणि मगच दराला हात लावा. हा क्रम उलटा केलात, तर पुढे जे घडेल त्याची संपूर्ण जबाबदारी सरकारची राहील.