आधी वांगणी, मग दुर्बीण

दिवाळी झाली, आकाश निवळलं, की ओळखीपाळखीतून एक प्रश्न हमखास येतो : ‘पोराला आकाशाची फार आवड आहे हो, कुठली दुर्बीण घेऊ?’ विचारणाऱ्याने खोक्यावरचं चित्र बघून बहुधा मनाशी ठरवलेलं असतं, आपण फक्त मान डोलवायची असते. मी दरवेळी त्यांचा विरस करतो. सध्या कुठलीच घेऊ नका.

खोक्यावर ‘६०० पट’ असं ठळक छापलेलं असतं. दुर्बिणीच्या भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट पटींपर्यंतच ती धड काम देते. म्हणजे ६० मिलिमीटरची असेल तर १२० पट. त्यापुढे नेली की अंधूक ठिपका आणखी मोठा आणि आणखी अंधूक होतो, एवढंच. त्यात तिचा तिपाई स्टँड श्वास सोडला तरी हलतो. दोन संध्याकाळी चंद्र बघून होतो, शनी काही सापडत नाही आणि दुर्बीण माळ्यावर जाते. पोराची आवडही तिच्यासोबतच.

त्याऐवजी एखाद्या खगोलप्रेमी मंडळाबरोबर एक रात्र काढावी. आपल्याकडे त्यांची वाण नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ची, हौशी निरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था. तिची वेधशाळा टिळक स्मारक मंदिराच्या गच्चीवर आहे. मुंबईचं खगोल मंडळ १९८५-८६मध्ये हॅलेचा धूमकेतू आला, त्या उत्साहातून उभं राहिलं. धूमकेतू गेला, माणसं टिकली. कर्जत मार्गावरचं वांगणी ही त्यांची नेहमीची जागा.

अमावास्येच्या आसपासचा शनिवार. संध्याकाळच्या लोकलने सतरंज्या, स्वेटर, डासांचं मलम आणि डबे घेऊन मंडळी उतरतात. पहिला नियम असा, की मोबाइल खिशात. डोळ्यांना अंधार सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एका स्क्रीनच्या झगमगाटात ती सगळी कमाई जाते. बॅटरीला म्हणूनच लाल कागद लावतात. नवीन माणूस नेमका अशा वेळी फोटो काढायला जातो आणि अंधारातून चार आवाज एकदम त्याच्यावर ओरडतात. शिष्टाचार शिकवायची ही पद्धत मला अजिबात वाईट वाटत नाही.

दुर्बिणी असतात, पण लगेच हात लावू देत नाहीत. आधी नुसत्या डोळ्यांनी शर्मिष्ठा शोधा, तिच्यावरून देवयानी. देवयानीतली दीर्घिका जवळपास पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि ती काळोख्या आकाशात दुर्बिणीशिवाय दिसते. फक्त तिच्याकडे थेट बघायचं नाही. किंचित बाजूला नजर ठेवली की धुरकट डाग उमटतो, कारण मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्यावर मधोमध नसून कडेला असतात. हे वाक्य पुस्तकात कितीही वेळा वाचा, तो डाग स्वतःला दिसेपर्यंत पटत नाही. मध्यरात्री मृग माथ्याकडे सरकतो, दक्षिणेला अगस्त्य येतो, पहाटे सप्तर्षी वर चढलेले असतात. एका डिसेंबरच्या रात्रीत निम्म्याहून जास्त आकाश ओळखीचं होतं. शनीची कडी पहिल्यांदा बघणारा ‘आत स्टिकर लावलाय का?’ असं विचारतोच, आणि स्वयंसेवक दरवेळी न कंटाळता हसतात.

हा नुसता हौसेचा मामला आहे, असंही समजू नये. २०१९च्या अखेरीस मृगातला काक्षी तारा मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२०पर्यंत नुसत्या डोळ्यांना जाणवेल इतका फिका पडला. त्या काळातल्या नोंदींत जगभरच्या हौशी निरीक्षकांचा वाटा मोठा होता. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून तेजस्विता लिहायची, तीही रोज, हे काम चिकाटीचं आहे, आणि मोठ्या वेधशाळांना एकाच ताऱ्याकडे रोज बघत बसायला सवड नसते.

आता तक्रार. बदलापूरच्या बाजूचं आकाश दर वर्षी पिवळं होत चाललंय आणि वांगणीतही इमारती उठल्यात. पथदिव्यांवर टोपी असेल तर उजेड रस्त्यावर पडतो, नसेल तर ढगांवर. विजेचं बिल दोन्हीकडे सारखंच येतं. पेंच व्याघ्रप्रकल्पाने आसपासच्या गावांतले दिवे बदलून घेतले आणि २०२४मध्ये भारतातलं पहिलं आंतरराष्ट्रीय मान्यतेचं ‘डार्क स्काय पार्क’ होण्याचा मान मिळवला. जे तिथे जमलं, ते आपल्या नगरपालिकांना जमू नये असं काही नाही. कुणी मागत नाही, म्हणून ते होत नाही.

तेव्हा मार्चपर्यंतचा हंगाम वाया घालवू नका. कॅलेंडरवर अमावास्या बघा, जवळच्या मंडळाकडे पोराचं आणि स्वतःचंही नाव नोंदवा. दोन-तीन रात्रींनंतरही त्याचा उत्साह टिकला, तर १० बाय ५०चा एक बायनॉक्युलर घेऊन द्या. दुर्बिणीचं त्यालाच ठरवू दे. कुठली घ्यायची, हे तोवर त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा नीट कळलेलं असेल.