आवड नाही, असे कोण म्हणतो?

दहावीचा निकाल लागला की वस्तीतील हुशार मुले विज्ञान शाखा का घेत नाहीत, याचे उत्तर शाळेत तयार असते: त्यांना विज्ञानाची आवड नाही! आम्हाला हे उत्तर मान्य नाही.

खरे कारण बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्येच व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात मांडले आहे. अस्पृश्य समाजाला कला व कायद्यापेक्षा विज्ञान-तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण उपयोगी पडेल. पण ते ऐपतीबाहेरचे असल्यामुळेच आईबाप मुलांना कला व कायद्याकडे पाठवतात, असे त्यांनी सरकारला बजावले. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे लिहितो, हे ध्यानात घ्यावे. या शिक्षणासाठी वर्षाला २ लाख रुपये आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख, अशी त्यांची मागणी होती. १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली.

शाखेची निवड हा आजही हिशेबच आहे. अकरावी-बारावी, क्लासची फी, प्रवेश परीक्षा, पुढे चार वर्षे. तेवढा काळ घरातला एक कमावता हात थांबतो. सधन घरचा मुलगा एक वर्ष वाया गेले तरी पुन्हा परीक्षेला बसतो. नाक्यावर काम शोधणाऱ्या बापाच्या मुलाला ते परवडत नाही, आणि मुलगी असेल तर हिशेब आणखी कडक होतो.

२०२४ मध्ये मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका दलित मजुराच्या मुलाला धनबाद आयआयटीत जागा मिळाली. १७,५०० रुपये जमवता जमवता मुदत टळली आणि जागा गेली. ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने घटनेचे कलम १४२ वापरून त्याला प्रवेश देववला. त्याची आवड कमी पडली होती काय? त्याचे थोरले भाऊ आधीच इंजिनिअरिंग शिकत होते. वाट ठाऊक असलेला माणूस घरातच होता, तरीही फीने त्याला अडवले. ज्याच्या घरात असा कोणी नाही, तो अर्जापर्यंतही पोहोचत नाही.

शिष्यवृत्ती प्रवेशाच्या दिवशी हातात पडली पाहिजे, ही मागणी सरकारकडे आहेच. पण जयंतीला वर्गणी जमवणाऱ्या आमच्या मंडळांनाही आम्ही विचारतो, त्यातला एक भाग जूनमधील प्रवेशांसाठी बाजूला काढता येणार नाही काय? आणि वस्तीतून जो पहिला इंजिनिअर झाला, त्याने रविवारी दोन तास विहारातल्या अभ्यासिकेत येऊन बसावे. त्याचा सत्कार मागाहून करता येईल.