भाकरीच्या बदल्यात बातमी

जॉन हर्सी यांची ‘अ बेल फॉर अडानो’ ही कादंबरी जुन्या पिढीतील वाचकांना स्मरत असेल. १९४४ साली ती प्रसिद्ध झाली आणि पुढल्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक लाभले. सिसिलीतील एका गावाची घंटा फॅसिस्टांनी बंदुकांच्या नळ्यांसाठी वितळवलेली असते. कारभार पाहण्यास आलेला अमेरिकन मेजर जोपोलो त्या गावाला दुसरी घंटा मिळवून देतो. वाचक त्या घंटेपाशी हळवा होतो आणि पुस्तक मिटतो. परंतु कथेचा खरा कणा घंटा नव्हे, खेचरगाड्या होत. लष्करी वाहनांना अडथळा होतो म्हणून जनरल त्या गाड्यांना गावात मज्जाव करतो. त्यांच्यावाचून गावाला पाणी मिळणार नाही, म्हणून मेजर तो हुकूम फिरवतो. आणि अखेरीस उचलबांगडी होते ती मेजरची. सैन्यातील ‘नागरी व्यवहार’ शाखेची सारी गोम त्या एका बदलीच्या हुकमात साठवलेली आहे.

युद्धग्रस्त किंवा जिंकलेल्या प्रदेशातील सामान्य माणसांशी सैन्याचा जो संबंध येतो, तो सांभाळण्यासाठी ही शाखा निर्माण झाली. अमेरिकेने १९४२ साली शार्लट्सव्हिल येथे व्हर्जिनिया विद्यापीठात लष्करी प्रशासनाची शाळा काढली आणि मार्च १९४३ मध्ये युद्धखात्यात स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्याच वर्षी सिसिलीत ही राजवट अमलात आली. सारेच काही साजरे झाले नाही. विलाल्बा गावचे महापौरपद माफियाचा म्होरक्या कालोजेरो विझिनी याच्या पदरात पडले ते याच काळात. तथापि त्या व्यवस्थेमागील मूळ विचार रास्त होता, हे मान्य केले पाहिजे. व्यापलेल्या प्रदेशात सुव्यवस्था राखण्याची जबाबदारी १९०७ च्या हेग नियमावलीने जेत्यावर टाकली होती. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या ५५ व्या कलमाने त्यात अन्न व औषधे पुरवण्याची भर घातली. येथे उपकाराची भाषा नाही, कर्तव्याची आहे.

आता या शाखेची बांधणी पाहा. तिचे मूळ पथक अवघ्या चार जणांचे असते: एक कॅप्टन, दोन अनुभवी सार्जंट आणि चौथा वैद्यकीय काम जाणणारा. ही मंडळी गावात हिंडतात, मुखियाला भेटतात, विहीर केव्हा आटली, शाळा कोण चालवतो, कोणाच्या शब्दाला वजन आहे, याची नोंद करतात. ही नोंद वर सेनापतीकडे जाते. न्याय, आरोग्य, अर्थव्यवहार यांतील तज्ज्ञ मात्र बहुतांशी राखीव दलात असतात, म्हणजे एरवी ते आपापल्या पोटापाण्याच्या उद्योगात असतात. २००६ पर्यंत अमेरिकन भूदलात या कामाची नियमित बटालियन एकच होती, ९६ वी. आणि ही शाखा नांदली कोणाच्या छपराखाली? मानसशास्त्रीय युद्धाच्या शाखेसोबत, विशेष कारवाई दलांच्या. राखीव तुकड्या २००६ साली तेथून वेगळ्या काढल्या गेल्या. नियमित तुकड्या तेथेच राहिल्या.

आमचा आक्षेप येथून सुरू होतो.

एप्रिल २००३ मध्ये बगदाद पडले. राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय आणि मंत्रालये लुटली जात होती, तेव्हा तेल मंत्रालयावर मात्र पहारा होता. जेथे कायदा बोट दाखवून कर्तव्य सांगत होता, तेथे हात अपुरे पडले. त्याच वर्षी इराकमधील सेनाधिकाऱ्यांच्या हाती स्थानिक कामांसाठी रोख पैसा देण्याची योजना निघाली. पुढे २००९ साली भूदलाने अशा खर्चाविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिच्या शीर्षकातच पैशाला ‘शस्त्रप्रणाली’ म्हटले होते. त्या शीर्षकाबद्दल आम्ही लेखकाचे ऋणी आहोत. एरवी हे सिद्ध करण्याचे श्रम आम्हांला घ्यावे लागले असते!

हे शस्त्र अफगाणिस्तानात कसे चालले? ऑक्टोबर २००१ मध्येच परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी स्वयंसेवी संस्थांना आपल्या लढाऊ चमूचा भाग ठरवून टाकले होते. त्या संस्थांना विचारले कोणी होते? २००२ साली नागरी व्यवहार शाखेचे सैनिक साध्या पोशाखात मदतकार्य करू लागले, तेव्हा या संस्थांनी तीव्र हरकत घेतली. शिपाई कोण आणि डॉक्टर कोण, हे गावकऱ्याने ओळखावे कसे? मे २००४ मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने दक्षिण भागात मित्रफौजांनी वाटलेल्या पत्रकांचा निषेध केला. मदत चालू राहावी असे वाटत असेल तर तालिबान व अल कायदा यांची माहिती द्या, असा त्या पत्रकांचा आशय होता. पत्रक कोणत्या शाखेने छापले, हा प्रश्न भुकेल्या माणसाला पडत नाही. त्याला एवढेच कळते की भाकरीला किंमत आहे, आणि ती शेजाऱ्याच्या नावाने चुकवायची आहे.

२ जून २००४ रोजी बादघिस प्रांतात त्याच संस्थेच्या पाच कार्यकर्त्यांची हत्या झाली. हत्येचे पाप मारेकऱ्यांचेच. ते पत्रकावर ढकलणे न्यायाचे होणार नाही. परंतु डॉक्टरभोवतीचे तटस्थतेचे कवच ज्यांनी पातळ केले, त्यांना हात झटकता येणार नाहीत. जुलैमध्ये, चोवीस वर्षांच्या सेवेनंतर, संस्थेने तो देश सोडला.

यावर उत्तर ठरलेले आहे: जेथे गोळ्या सुटतात तेथे दुसरे कोण जाणार? पाणी आणणारा शिपाई न आणणाऱ्यापेक्षा बरा नव्हे काय? बरा आहे, निःसंशय. म्हणूनच त्याने ते गणवेशात आणावे, कायद्याने बांधलेल्या जेत्याचा माणूस म्हणून आणावे, आणि पखाल रिकामी करताना खिशातील वही बाहेर काढू नये. पाणी वाटणाऱ्यांचा वरिष्ठ आणि बातम्या गोळा करणाऱ्यांचा वरिष्ठ एकच का असावा, याचे समाधानकारक उत्तर आम्हांला कोठे आढळले नाही. युद्ध जिंकण्यास ते सोयीचे पडते, हे उत्तर आहे खरे. परंतु ते जनरलचे उत्तर झाले, खेचरगाड्या अडवणाऱ्या त्या जनरलचे.

‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था २००९ साली अफगाणिस्तानात परतली. तिच्या रुग्णालयांत प्रवेशाची अट एकच होती आणि ती तालिबान, सरकारी सैनिक, परदेशी फौजा या सर्वांना सारखीच लागू होती: हत्यार दाराबाहेर ठेवावे.