गोळीतले सव्वाशे मिलिग्रॅम

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या मेडिकलमध्ये ‘सहाशेपंचवीस’ एवढे म्हटले तरी पुरते. घसा धरला, दाढ सुजली, जखम चिघळली, की हाच आकडा तोंडी येतो. त्याची फोड मात्र सहसा कुणी करत नाही. ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल, मिळून ६२५. या सव्वाशे मिलिग्रॅममध्ये स्वतः जंतू मारण्याचा जोर जवळपास नाही. तरीही पेनिसिलिनच्या कुळातले एक जुने औषध चाळीसहून अधिक वर्षे कामाचे राहिले, ते याच्यामुळे. ती मुदत आता आपल्या हातून निसटते आहे, म्हणून त्याचा इतिहास सांगायचा.

पेनिसिलिन रुग्णांच्या हाती पोहोचण्याआधीच त्यावरची तोड जंतूंपाशी तयार होती. डिसेंबर १९४० मध्ये ऑक्सफर्डच्या एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी जंतूंमधले एक विकर पेनिसिलिन मोडून टाकते, असे प्रसिद्ध केले. २०११ मध्ये कॅनडातल्या युकॉन भागातल्या ३० हजार वर्षे गोठलेल्या मातीतही अशा विकरांची जनुके सापडली. म्हणजे प्रतिकार माणसाने जन्माला घातला नाही. तो जंतूंच्या जगात होताच, आपण त्याला वेचून वेचून वाढवले. पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेचा धोका बजावून सांगितला होता.

नंतरची दोन दशके कंपन्यांनी पेनिसिलिनचे रूप बदलण्यात घालवली. जंतूंनी तेही गाठले. अथेन्समधल्या एका रुग्णाच्या जंतूत सापडलेले ‘टेम’ नावाचे विकर १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एका सुट्या कड्यावर होते, आणि प्लाझ्मिड एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जाते. साधारण दहा वर्षांत ते मुलांच्या मेंदुज्वराला कारण ठरणाऱ्या हिमोफिलस जंतूत आणि परम्याच्या जंतूतही पोहोचले.

तेव्हा इंग्लंडच्या बीचम कंपनीतल्या संशोधकांनी प्रश्नच फिरवला. औषध बदलण्याऐवजी ते मोडणाऱ्या विकरालाच अडवता येईल का? उत्तर मातीत मिळाले. स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्ह्युलिजेरस हा सूक्ष्मजीव क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल तयार करतो. विकर त्याला पेनिसिलिन समजून मोडायला जाते आणि त्याच्याशी असे जखडते की पुन्हा मोकळे होत नाही. अमॉक्सिसिलिनची वाट खुली होते. या शोधातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. हाच सूक्ष्मजीव सेफामायसिन नावाचे एक प्रतिजैविकही बनवतो आणि दोन्हींची जनुके त्याच्यात शेजारीशेजारी असतात. शस्त्र आणि त्याचा रक्षक सोबत ठेवावा, हे निसर्गाने आपल्या आधी ओळखले होते. १९८१ मध्ये ही जोडी ब्रिटनमध्ये ‘ऑगमेंटिन’ नावाने बाजारात आली. भारतात आज तिची ब्रँडनावे मोजता येणार नाहीत इतकी आहेत, अनेकांच्या नावात ‘सीव्ही’ किंवा ‘क्लॅव्ह’.

महाराष्ट्र या कथेत फक्त गिऱ्हाईक नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिन या मातीत बनू लागले. हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध तिथेच शोधले गेले. पुढे स्वस्त चिनी मालापुढे देशातले पेनिसिलिनचे उत्पादन टिकले नाही आणि क्लॅव्ह्युलॅनेटसाठीही, म्हणजे क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाच्या क्षारासाठीही आपण आयातीवर विसंबलो. २०२० च्या उत्पादन-प्रोत्साहन योजनेनंतर २०२४ मध्ये हिमाचलातल्या नालागढला त्याचा कारखाना सुरू झाला. पिंपरीत कमावलेले कौशल्य आपण राखले असते, तर हा वळसा पडला नसता.

दुसरा धागा छत्रपती संभाजीनगरचा. तिथल्या वोक्हार्टच्या संशोधन केंद्रात झिडेबॅक्टम तयार झाले. सेफेपाइम या प्रतिजैविकासोबत द्यायचा हा घटक विकराला अडवतोच, शिवाय जंतूची भिंत बांधणाऱ्या एका वेगळ्या प्रथिनावर स्वतः घाव घालतो. त्यामुळे ‘एनडीएम’सारखे, क्लॅव्ह्युलॅनेटला अजिबात न जुमानणारे विकर बाळगणारे जंतूही त्याच्या टप्प्यात येतात. २०२५ मध्ये या औषधाचा अर्ज अमेरिकेच्या औषध नियंत्रकांकडे गेला. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीने शोधलेल्या एनमेटाझोबॅक्टमला त्याआधीच, २०२४ मध्ये तिथे मंजुरी मिळाली होती. याचा अभिमान जरूर वाटावा. पण ही इस्पितळात शिरेतून द्यायची औषधे आहेत, पेठेतल्या घशादुखीसाठी नव्हेत. पेठेला पुरायचे आहे ते सव्वाशे मिलिग्रॅमच.

आणि तेच आपण उधळतो आहोत. सर्दी-पडसे बहुतेकदा विषाणूंचे, तिथे या गोळीचा काडीचा उपयोग नाही. तालमीत एकाला गळू झाले की दोघातिघांना होते. ते गळू मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसचे असेल तरीही ही गोळी निकामी, कारण त्या जंतूची भिस्त केवळ विकरावर नसते, औषध जिथे चिकटते ती जागाच बदललेली असते. तिथे गळू फोडून निचरा करणे, टॉवेल-लंगोट वेगळे ठेवणे आणि पू तपासायला देणे हाच उपाय. उगाच घेतलेल्या प्रत्येक गोळीने आतड्यातले निरुपद्रवी जंतू मरतात आणि प्रतिकारक तेवढे उरतात. क्लॅव्ह्युलॅनेटने जुलाब होतात, क्वचित यकृतालाही इजा होते.

२०१९ मध्ये जगभरात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषध-प्रतिकारामुळे झाल्याचा अंदाज ‘लॅन्सेट’ने छापला. आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून एच-१ यादी लागू झाली. तिच्यातले औषध विकताना डॉक्टर, रुग्ण आणि मात्रेची नोंद वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. त्या यादीत अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट नव्हते. चिठ्ठीची सक्ती यालाही आहे, पण नोंद नसली की सक्ती कागदावर राहते. सर्वाधिक खपणाऱ्या औषधांपैकी एकालाच वहीतून सूट देणे ही चूक होती.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. सहाशेपंचवीसची प्रत्येक विक्री वहीत यावी. शहरात कोणत्या जंतूवर कोणते औषध चालते, याचा तक्ता सीपीआर या शासकीय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून दरवर्षी पेठेतल्या लहानात लहान दवाखान्याच्या भिंतीवर लागावा. आणि पेठेतल्या माणसांनी, काउंटरच्या दोन्ही बाजूंच्या, चिठ्ठीशिवाय ही गोळी मागू नये आणि देऊ नये.