मैदानावर ‘आता खेळ थांबवा’ असं म्हणायचं कोणी?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घरांत प्रवेशाची धावपळ सुरू होते. फी किती, शिष्यवृत्तीचा फॉर्म कधी भरायचा, हॉस्टेल कसं आहे, मुलींना यायला-जायला बस आहे का, जुम्याच्या नमाजला वेळ मिळतो का, हे सगळं आपण विचारून घेतो. एक प्रश्न मात्र राहून जातो. संध्याकाळी पोरं कॉलेजच्या मैदानावर खेळत असताना आभाळ भरून आलं, तर खेळ थांबवायचा कोणी?

यावर्षी हा प्रश्न प्रत्येक पालकाने विचारावा, असं आम्हाला वाटतं. कारण खेळातल्या हवामानाच्या धोक्याबद्दल माहिती आता भरपूर आहे, मोबाईलवर फुकट आहे. कमी आहे ती एकच गोष्ट: वेळेवर शिट्टी वाजवून खेळ बंद करण्याचा अधिकार असलेला माणूस.

संघाला मॅनेजर, बाकीच्यांना कोणी नाही

विद्यापीठाच्या स्पर्धेला जाणाऱ्या संघासोबत प्रशिक्षक असतो, मॅनेजर असतो, सामन्याला पंच असतात. पण कॉलेजमध्ये खेळणारी बहुतेक मुलं त्या संघात नसतात. लेक्चर संपल्यावर क्रिकेट खेळणारा ग्रुप, रविवारी फुटबॉल खेळणारी हॉस्टेलची पोरं, पावसाळ्यात गडावर जाणारा ट्रेकिंगचा ग्रुप, ही सगळी मंडळी आनंदासाठी खेळतात. त्यांच्यासोबत जबाबदार असं बहुधा कोणीच नसतं. कॅप्टन त्यांच्याच वयाचा. दोन ओव्हर उरल्या असताना ‘चला, घरी’ असं तो म्हणेल, ही अपेक्षा करणंच चुकीचं आहे.

आणि धोका काही लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात नैसर्गिक कारणांमुळे 8,060 अपघाती मृत्यू झाले. त्यातले 2,887 एकट्या विजेने, तर 730 उष्माघाताने. म्हणजे दर तीन मृत्यूंमागे एकाहून जास्त मृत्यू विजेचा. पुराची बातमी मोठी होते, वीज मात्र एकेकाला गाठते, म्हणून ती आतल्या पानावर राहते.

एक काळजी दुसरीला आडवी येते

16 एप्रिल 2023 रोजी खारघरमध्ये उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने 14 जणांचा जीव गेला. त्या भागातलं तापमान 38 अंशांच्या आसपास होतं. विदर्भातल्या माणसाला 38 म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण कोकणपट्टीत हवेत दमटपणा असतो, घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. म्हणूनच हवामान खातं मैदानी प्रदेशासाठी 40 आणि किनारपट्टीसाठी 37 अंश असा उष्णतेच्या लाटेचा वेगळा हिशोब धरतं. त्या घटनेनंतर दुपारी 12 ते 5 या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असं राज्य सरकारनेही जाहीर केलं.

मग आपण काय करतो? दुपार टाळतो आणि पाचनंतर मैदानावर उतरतो. उन्हाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण एप्रिल ते जून आणि पुन्हा परतीच्या पावसात, ऑक्टोबरच्या सुमारास, गडगडाटी ढग जमतात ते बहुतेक दुपारनंतर आणि संध्याकाळी. दिवसभर तापलेली जमीन, वर चढणारी दमट हवा आणि त्यातून उभे राहणारे काळे ढग. मराठवाडा आणि विदर्भातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. म्हणजे उन्हापासून वाचायला निवडलेली वेळ नेमकी विजेची निघते.

यावर उपाय आपल्या घरातच आहे. उन्हाळ्यात सरावाची सगळ्यात चांगली वेळ सकाळची, साधारण 6 ते 8. जमीन थंड, ढग बहुधा नाहीत, ऊन कोवळं. फज्रला उठणाऱ्या मुलाला ही वेळ जड नाही. कॉलेजने मैदान सकाळी उघडं ठेवावं, एवढी मागणी तर आपण नक्कीच करू शकतो.

गडगडाट ऐकू आला म्हणजे उशीर झालेला असतो

नोव्हेंबर 2024 मध्ये पेरू देशात एका फुटबॉल सामन्यात पंचांनी खराब हवामानामुळे खेळ थांबवला. खेळाडू मैदानाबाहेर चालत निघाले होते आणि तेवढ्यात वीज पडली. एक खेळाडू जागीच गेला, काही जखमी झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंडोनेशियाच्या बांडुंग शहरात मैत्रीपूर्ण सामना चालू असताना एका खेळाडूचा असाच मृत्यू झाला. पेरूच्या घटनेतून शिकायचं ते हे की, खेळ थांबवला गेला, पण उशिरा.

उशीर कधी होतो, हे ओळखायचा हिशोब सोपा आहे. आवाज एका सेकंदात साधारण 340 मीटर जातो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंद किंवा कमी वेळ लागला, तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची वीज आपल्या मैदानावर पडू शकते. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या खेळांत हाच नियम चालतो: 30 सेकंदांच्या आत आवाज आला की तोवर सगळ्यांनी आसऱ्याला पोहोचलेलं असलं पाहिजे आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण 30 मिनिटं थांबायचं. मध्ये पुन्हा आवाज आला की घड्याळ पुन्हा शून्यावर.

आसरा कोणता, हेही आधीच ठरलेलं हवं. पक्की इमारत किंवा काचा बंद केलेली, वरून पत्रा असलेली गाडी, हे दोनच सुरक्षित. पत्र्याची उघडी शेड, मंडप, मैदानाकडेचं कडुलिंबाचं झाड, गोलपोस्ट, तारेचं कुंपण, लाइटचा खांब, उभी मोटारसायकल, यातलं काहीच सुरक्षित नाही. पाऊस आला की मुलं आधी झाडाखालीच पळतात, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

काही गैरसमजही आहेत. खिशातला मोबाईल वीज ओढून घेत नाही. उलट त्याच मोबाईलवर पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. दुसरा गैरसमज जास्त घातक आहे. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो, असं समजून लोक लांब उभे राहतात. त्याच्या अंगात करंट राहिलेला नसतो. श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करायची आणि कोणीतरी 108 ला फोन करायचा. अशा वेळी पहिल्या काही मिनिटांतच माणूस वाचू शकतो.

आधी थंड करा, मग दवाखाना

उन्हाच्या बाबतीत धडा अमेरिकेच्या मेरीलँड विद्यापीठाचा आहे. 29 मे 2018 रोजी तिथल्या 19 वर्षांच्या जॉर्डन मॅकनेर या खेळाडूला सरावात उष्माघात झाला. पुढच्या महिन्यात तो गेला. चौकशीत दिसलं की त्याला थंड पाण्यात बुडवून अंग गार करण्याचा उपचार झालाच नाही आणि त्रास सुरू झाल्यावर रुग्णवाहिकेला फोन जायलाच सुमारे तास लागला. पैसा, डॉक्टर, साधनं, तिथे सगळं होतं. विद्यापीठाच्या अध्यक्षांना जबाबदारी मान्य करावी लागली.

मुलगा खेळताना असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, चिडचिड करू लागला तर ‘चक्कर आली असेल, बस जरा’ म्हणून सोडून देऊ नका. शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर गेलं की मेंदूवर परिणाम होतो. सावलीत न्या, जादा कपडे सैल करा, टब किंवा पिंपातलं थंड पाणी अंगावर ओतत राहा, बर्फ लावा, ओल्या चादरी बदलत राहा. 108 ला लगेच फोन करा, पण गाडी येईपर्यंत थंड करणं थांबवू नका. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. एक पिंप, चार चादरी आणि कँटीनमधला बर्फ, एवढं तर कोणतंही कॉलेज ठेवू शकतं.

सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी जोरात सराव करणंही टाळावं. शरीराला उष्णतेची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात.

रोजाचंही बोलून घेऊ. 2023 चा रमजान मार्चच्या शेवटी सुरू होऊन एप्रिलमध्ये संपला होता. रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे येतो, त्यामुळे पुढची काही वर्षं तो थंडीच्या बाजूला असेल. तरी विदर्भात फेब्रुवारीची दुपारही कमी नसते. रोजात सराव करायचा तर इफ्तारनंतर, नाहीतर हलका. आणि जीवावर बेतलं तर रोजा सोडायची सूट शरीयतने दिलेली आहे, नंतर कजा करता येते. कॅप्टनला किंवा पीटी सरांना ‘आज मी रोजा आहे’ असं सांगायची लाज मुलांनी बाळगू नये. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 2021 पासून रोजेदार खेळाडूंसाठी मगरिबच्या वेळी सामना क्षणभर थांबवतात. तिथे होतं तर इथे का नाही?

बंदी हा उपाय नाही

आता मुलींचं. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडाले. आपल्या समाजातल्या किती घरांत ती जखम अजून ओली आहे. अशा घटनेनंतर दोन गोष्टी होतात. कॉलेज म्हणतं सहल बंद, खेळ बंद. आणि घरात पहिल्यांदा थांबवलं जातं ते मुलीला. ‘पोरीला कुठे पाठवायचं नाही’ असं अब्बूंनी म्हणणं आपण समजू शकतो, त्यामागे भीती आहे. पण त्याने धोका कमी होत नाही, फक्त मुलीचं मैदान जातं.

डोक्यावर ओढणी, पूर्ण बाह्या असलेल्या मुलींना उन्हात खेळू देऊ नये, असंही कोणी सुचवतं. फिफाने डोकं झाकून खेळायला 2014 मध्येच अधिकृत परवानगी दिली. गरज आहे ती पातळ, फिकट रंगाच्या, घाम वाळवणाऱ्या कपड्याची, सकाळच्या वेळेची आणि दर 15-20 मिनिटांनी पाण्याच्या सुट्टीची. नियम लेखी असतील तर आई-वडील निर्धास्तपणे पाठवतील. म्हणून सुरक्षेची मागणी ही खरं तर आपल्या मुलींना मैदानावर ठेवण्याची मागणी आहे.

प्रवेश घेताना हे विचारा

- खराब हवामानात खेळ थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे? त्यांचं नाव आणि नंबर मैदानावर लावलेला आहे का?
- हौशी ग्रुप आणि ट्रेकिंगच्या मुलांनाही तो नियम लागू आहे का? निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा कोण पाहतो? ऑरेंज किंवा रेड असेल तर ट्रेक रद्द होतो का?
- वीज चमकली तर कोणती इमारत उघडी असेल? सुट्टीच्या दिवशी चावी कोणाकडे?
- मैदानाजवळ पिण्याचं पाणी, बर्फ, प्रथमोपचाराची पेटी आहे का? छाती दाबून श्वास चालू करायचं प्रशिक्षण किती जणांना आहे?

उत्तर तोंडी मिळालं तर लेखी मागा. एकट्याला संकोच वाटत असेल तर मोहल्ल्यातले चार पालक मिळून जा. आपल्या समाजाच्या संस्था जी कॉलेजं चालवतात, त्यांनी तर कोणी विचारायची वाट न पाहता हा कागद जिमखान्याच्या दारावर लावावा. मोहल्ला कमिट्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत भरवलेल्या टेनिस बॉल स्पर्धांनाही हाच नियम लावावा.

काही जण म्हणतील, मौत जिथे लिहिली आहे तिथे येणारच. आमचाही तकदीरवर ईमान आहे. पण उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्या माणसाला आपल्या नबींनी (स.) आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, असंच सांगितलं. मैदानावरचा उंट बांधायचं काम कॉलेजचं आहे. तो बांधला आहे की नाही, हे पाहायचं काम आपलं.