‘राँदेव्हू’: पाहिले सर्वांनी, वाचले कोणी?

१/७ हिटलर आणि स्टॅलिन टोपी काढून, कमरेत वाकून एकमेकांना अभिवादन करीत आहेत. दोघांच्या मध्ये एक मृतदेह पडला आहे. डेव्हिड लो यांचे ‘राँदेव्हू’ (अर्थात ‘भेट’) हे व्यंगचित्र आज दोन मथळ्यांखाली फिरते: ‘मैत्रीचा पुरावा’ आणि ‘थोर भविष्यवाणी’. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत.

२/७ प्रथम तारीख पाहा. लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये ते २० सप्टेंबर १९३९ रोजी छापले गेले. २३ ऑगस्टला या दोन राष्ट्रांचा अनाक्रमण करार झाला होता. १ सप्टेंबरला जर्मन आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये घुसल्या. तो मृतदेह पोलंडचा.

३/७ आता संवाद वाचा. जगातला गाळ म्हणतात तो आपणच ना, असे हिटलर विचारतो. कामगारांचा रक्तपिपासू मारेकरी आपणच असावेत, असे स्टॅलिन उत्तरतो. शब्द वर्षानुवर्षांच्या शिवीगाळीतले, ढंग मात्र दरबारी शिष्टाचाराचा! या विसंगतीतच उपहास आहे. याला मैत्री म्हणणाऱ्याने चित्र पाहिले, पण वाचले नाही.

४/७ आणि भविष्यवाणी? २२ जून १९४१ ची जर्मन चढाई आपल्याला ठाऊक आहे. लो यांना ती ठाऊक असणे शक्यच नव्हते. पोलंडची वाटणी ठरवणारी गुप्त कलमेही जगापुढे आली ती महायुद्धानंतर. उत्तरकालीन ज्ञान चित्रकाराच्या पदरी बांधणे हा त्याचा गौरव नव्हे, कालविपर्यास आहे.

५/७ चित्राने काय दाखवले नाही, तेही विचारा. फेब्रुवारी १९४० च्या व्यापार करारानंतर सोव्हिएत धान्य आणि तेल जर्मनीकडे वाहत राहिले. केवळ चित्रावर विसंबणाऱ्याला तो करार निव्वळ मुखवटा वाटेल. प्रत्यक्षात नाझी युद्धयंत्राला त्यातून इंधन मिळाले.

६/७ ‘इंग्लंडला असे वाटत होते’ हा निष्कर्षही घाईचा. वृत्तपत्राचे मालक लॉर्ड बीव्हरब्रूक हे म्युनिकच्या तडजोडीचे समर्थक. लो त्याच वृत्तपत्रात त्या धोरणाची खिल्ली उडवीत. एका पानावर दोन मते नांदत होती.

७/७ व्यंगचित्र हा पुरावा आहेच. पण तो एका माणसाच्या, एका दिवसाच्या दृष्टीचा. तेव्हा पुढचे जुने चित्र पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: कोणत्या तारखेचे, कोणाच्या वृत्तपत्रातले, आणि काढणाऱ्याला त्या दिवशी काय ठाऊक होते? उत्तरे नसतील, तर निदान ‘पुरावा’ हा शब्द तरी वापरू नका.